कोणताही संबंध राहणार नाही

सोमवारी सकाळी पुंजाजी मुनशी ऑफिसात आले ते नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी. त्यांनी काचेच्या दरवाजाचं कुलूप काढलं, देवमनराव वकिलांच्या तसबिरीवरचा सुकलेला हार उतरवला आणि मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून पाहिलं. वरच्या कप्प्यात कोरे स्टॅम्प पेपर होते, मधल्या कप्प्यात शाईचे पॅड, आणि खालच्या कप्प्यात साड्या. प्लास्टिकच्या पिशव्यांतल्या, घडी न मोडलेल्या साड्या.

वकिलाच्या ऑफिसात साड्या कशाला, हा प्रश्न वाशीममध्ये कोणाला पडत नसे. बाप वारला की भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतो. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा ती भावासाठी सोडून देते. तिची सही झाली की भाऊ तिला साडीचोळी करतो. काही भाऊ घाईत साडी विसरून येत, मग ऐनवेळी बाजारात पळापळ होई आणि रजिस्ट्रीतला नंबर हुके. म्हणून ऑफिसचे आताचे मालक हरीओम वकील यांनी साड्या ऑफिसातच आणून ठेवायला सुरुवात केली. कागद, साक्षीदार, ओळख देणारे, साडी आणि दुपारचं जेवण, सगळं एकाच छताखाली. पक्षकारांना ही सोय फार आवडली होती.

यातलं ओळख देण्याचं काम पुंजाजींचं. रजिस्ट्री ऑफिसात सही करणारी बाई तीच आहे हे सांगायला दोन माणसं लागतात. 'आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो' असं छापील वाक्य असतं, त्याखाली त्यांनी सही करायची, मशिनीवर अंगठा ठेवायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. गेल्या वीस वर्षांत पुंजाजींनी अशा किती बायांची ओळख दिली होती याचा त्यांना स्वतःला अंदाज नव्हता. त्यांच्यापैकी कोणाचा चेहरा त्यांना संध्याकाळपर्यंतही आठवत नसे.

त्या सोमवारी शिरपूर जैनहून जानराव नावाचे एक गृहस्थ आपल्या बहिणीला घेऊन आले. गोजराबाई तिचं नाव. साठी उलटलेली, हडकुळी, डोक्यावरचा पदर एका हातानं सतत सावरणारी. तिचं सासर लोणारकडे कुठंतरी होतं, पहाटेच्या बसनं भावानं तिला आणवलं होतं. आतल्या खोलीत तिला चहा दिला गेला. तिनं तो बशीत ओतून प्यायला आणि कप पालथा घालून ठेवला. रजिस्ट्रीत तिच्या अंगठ्याची रेघ मशिनीवर उमटेना, म्हणून पुंजाजींनीच तिचं बोट ओल्या फडक्यानं पुसून दिलं.

"यांना ओळखता?" रजिस्ट्रारसाहेबांनी पुंजाजींना विचारलं.

"हो साहेब."

काम दहा मिनिटांत उरकलं. जानराव पावतीसाठी थांबले आणि पुंजाजी जिना उतरू लागले. मागून गोजराबाई येत होती. साडीची पिशवी छातीशी धरून ती एकेक पायरी जपून उतरत होती.

"भाऊ, तुमी शिरपूरचे का जी?" तिनं विचारलं.

"नाही बाई. किन्हीराजाचा."

"मंग आमच्या लोणारकडचे?"

"नाही."

ती थांबली. कपाळाला आठ्या घालून तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेबानं इचारलं त तुमी हो म्हणलं. मले आता ध्यानात राह्यत नाही काही. म्हणलं, आपणच इसरलो असन. तुमी मले कुठून ओळखता जी?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एका भल्या माणसाला आपण विसरलो, याचं तिला वाईट वाटत होतं. पुंजाजी म्हणाले, "तसं म्हणा लागते बाई. कायद्यात असते."

"असं हाय का," ती म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून, "कागदात काय लेहेल होतं?"

"तुमच्या भावाले इचारा," पुंजाजी म्हणाले आणि भराभर उरलेल्या पायऱ्या उतरून गेले.

*

दुपारी त्यांनी डबा उघडला, पण गोजराबाईचा प्रश्न आठवून तसाच झाकून ठेवला. डबा म्हणजे तरी काय, सकाळी स्वतःच थापलेल्या दोन भाकरी आणि बेसन. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला कंपनीत होता, पंधरा दिवसांनी त्याचा फोन येई. वाशीममध्ये एका खोलीत पुंजाजी एकटे राहत. किन्हीराजाची पाच एकर जमीन त्यांनी ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठराविक रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिली होती. ऑफिस हेच त्यांचं घर होतं म्हटलं तरी चाललं असतं, आणि तसं ते स्वतः म्हणतही.

ते ऑफिस त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलं होतं. वाशीम अजून अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता तेव्हा देवमनराव मापारी नावाचा तरुण वकील कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून बसला. मॅट्रिक झालेले पुंजाजी नोकरी शोधत तिथं आले. देवमनरावांनी त्यांना एक अर्ज लिहायला सांगितला, अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून येत जा." त्या टेबलाची पुढं पत्र्याची खोली झाली. मग वाशीम जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी आली, जिल्हा न्यायालय आलं, आणि पत्र्याच्या खोलीची दोन खोल्यांची इमारत झाली.

पण खरी भरभराट झाली ती मुलींना बापाच्या जमिनीत मुलांबरोबरीचा हक्क देणारा कायदा आल्यावर. ती बातमी देवमनरावांनी पेपरात दोनदा वाचली होती, चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि हसून म्हणाले होते, "पुंजाजी, सरकारनं पोरींले हक्क देला. आता आपल्याले दम घ्याले फुरसत नाही."

तसंच झालं. कायद्यानं बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढवलं आणि ते उतरवण्यासाठी भावांची रांग मापारी वकिलांच्या दारात लागली. ज्या भावाला बहिणीच्या सहीवाचून पीककर्ज मिळेना, ज्याला रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला एकट्याला हवा होता, तो प्रत्येक जण इथं आला. देवमनरावांमागं त्यांचा मुलगा हरीओम आला. रिसोड, मालेगाव, कारंजा इथं शाखा निघाल्या. तिसरा मजला चढला, काचा लागल्या, चौदा ज्युनिअर आले. पंचविसाव्या वर्षी पेपरच्या पुरवणीत पानभर जाहिरात आली होती, 'वऱ्हाडातील नामांकित विधी संस्था'. त्या पानावरच्या फोटोत कोपऱ्यात पुंजाजीही उभे होते. ते पान त्यांनी खोलीत चिकटवून ठेवलं होतं.

कायदा झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी पुंजाजींचे वडील वारले. त्यांना एकच बहीण होती, मोठी, नानीबाई, केनवडला दिलेली. तेराव्याला ती आली तेव्हा पुंजाजींनी तिच्यापुढं कागद ठेवला. घरचा कागद म्हणून त्यांनी तो टाइप न करता स्वतःच्या हातानं लिहिला होता, वळणदार, एकही खाडाखोड नसलेला. "बाई, येथी अंगठा लाव," ते म्हणाले. तिनं लावला, दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रीतही. त्यांनी साडी दिली, कागदाची झेरॉक्स दिली, गाडीत बसवून दिलं.

त्यानंतर नानीबाई माहेरी आली नाही. पहिल्या राखीला त्यांनी वाट पाहिली. दिवाळीला बायको म्हणाली, त्यांले जमिनीचं लागलं असन, येतीन आपोआप. पुंजाजींना राग आला. एवढा काय जमिनीचा लोभ, त्यांना वाटलं, आणि तेही गेले नाहीत. एक वर्ष गेलं, मग दुसरं. असं करता करता अठरा वर्षं गेली. केनवड बसनं दोन तासांच्या आत येतं.

*

रविवारी पुंजाजी मालेगावला बस बदलून केनवडला उतरले. हातात पेढ्यांचा पुडा होता. नानीबाईचं घर त्यांना विचारत विचारत शोधावं लागलं. जुन्या जागी आता सिमेंटचं छोटं घर होतं, दारात तुळस, भिंतीला टेकवलेली सायकल. तिशी ओलांडलेली एक बाई दारात तुरी पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कोण पाह्यजे?"

"नानीबाई हाय का घरी?"

"तुमी कोण?"

ही योगिनी असणार, हे पुंजाजींच्या लक्षात आलं. शेवटी पाहिली तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. नवरा वारल्यावर ती आईजवळ राहायला आली आणि गावच्या अंगणवाडीत लागली, एवढं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"मी पुंजाजी. नानीबाईचा भाऊ."

योगिनीनं त्यांना आत खाटेवर बसवलं. मग ती पाण्याचा गडवा घेऊन आली. तो त्यांच्यापुढं ठेवून ती चौकटीला टेकून उभी राहिली.

"आई पोळ्याच्या आधी गेली," ती म्हणाली. "पाच महिने झाले."

पुंजाजींच्या हातातला पुडा मांडीवर आला. समोरच्या भिंतीवर फोटो होता, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. दारातून आत येताना त्यांनी तो पाहिला होता, पण ती म्हातारी नानीबाई आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मले कळवलं नाही," ते म्हणाले.

"कोणत्या नात्यानं कळवावं?"

ती आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला झेरॉक्स कागद होता. अक्षर पुंजाजींनी लांबूनच ओळखलं.

"त्या दिवशी आई घरी आली," योगिनी सांगू लागली. "साडी खुंटीले टांगली अन् हा कागद माह्या हाती देला. म्हणे, वाच. मी तवा बारावीत होती. मी सगळा वाचला. मले तरी कायद्याचं काय समजे. शेवटी हे लेहेल हाय पहा." तिनं कागद त्यांच्यापुढं धरला, पण वाचला तिनं पाठच. "'यापुढे सदर मिळकतीशी माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही संबंध राहणार नाही.' आईनं मले तेवढं दोनदा वाचाले लावलं. मंग म्हणे, पुंजाचंच अक्षर हाय का? मी म्हणलं, व्हय. मंग तिनं कागद पेटीत ठेऊन देला."

"अवं, ते जमिनीपुरतं असते," पुंजाजींच्या तोंडून निघालं. "सगळ्याच कागदात तसं लेहेल असते. तसा मसुदाच हाय."

"तुमाले ठाऊक होतं. तिले कोणं सांगतलं?"

पुंजाजींनी पाण्याचा गडवा बाजूला सरकवला.

"आई म्हणे, जमीन मांगतली असती त तशीच देली असती. भाऊच हाय. पण संबंध राह्यणार नाही असं काहून लेहेलं त्यानं? माह्यं काय चुकलं? दरसाल राखी पुनवेले ते हेच इचारे मले. मी तरी काय सांगू." योगिनीचा आवाज चढला नाही. ती दारात सूप पुन्हा मांडीवर घेऊन बसली होती, पण पाखडत नव्हती. "मामी वारल्या तवा कोणं तरी सांगतलं. आई एकटी बसनं किन्हीराजाले आल्ती. फाट्यावर उतरली, झाडाखाली बसून राह्यली दुपारलोक. मंग परत आली. म्हणे, वारसांचाही संबंध नाही मनून लेहेल हाय, आपण कसं जावं तेथी."

बायकोच्या मातीच्या दिवशी किन्हीराजाच्या घरात दीडशे माणसं होती. त्यांतल्या प्रत्येकाला पुंजाजींनी हात जोडले होते. आणि गावाबाहेर, हाकेच्या अंतरावर, त्यांची बहीण झाडाखाली बसली होती.

पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून ते उठले. योगिनीनं तो परत दिला नाही आणि आतही नेला नाही. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या माणसानं काहीबाही विचारलं, त्याला त्यांनी काय उत्तर दिलं ते त्यांनाच कळलं नाही. तो कागद लिहायला त्यांना अर्धा तास लागला होता. वाचून दाखवायला पाच मिनिटंही लागली नसती.

*

बुधवारी गणेश नावाचा तरुण शेतकरी बहिणीला घेऊन ऑफिसात आला. वडिलांना जाऊन महिना झाला होता. बहीण संस्कृती, तेवीस-चोवीस वर्षांची, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. ज्युनिअर वकिलानं तिच्यापुढं कागदाची पानं सरकवली आणि खुणा केलेल्या जागा दाखवल्या. तिनं वाचायला पान वर उचललं, तेवढ्यात गणेश म्हणाला, "वाचत बसू नको, नंबर जाईल." तिनं पान खाली ठेवलं.

रजिस्ट्रीत साहेबांनी नेहमीच्या स्वरात विचारलं, "यांना ओळखता?"

पुंजाजी म्हणाले, "नाही साहेब."

साहेबांची नजर कॉम्प्युटरवर होती. त्यांनी बटण दाबायला बोट नेलं आणि ते थांबले. "काय म्हणाले?"

"मी या पोरीले ओळखत नाही. आज सकाळीच पायलं. तिले कोणं कागदही वाचून दावला नाही."

साहेबांनी खालच्या आवाजात समजावलं, "पुंजाजी, तब्येत बरी नसेल तर घरी जा. दुसरा माणूस पाठवा." गणेश हातातली फाइल घेऊन उभा होता, काय चाललंय ते त्याला कळेना. संस्कृतीला मात्र कळलं असावं. ती हळूच म्हणाली, "मंग वाचून दावा ना काका."

पुंजाजींनी कागद घेतला. कोर्टाची भाषा बाजूला सारून ते घरच्या बोलीत सांगू लागले. तुह्या बापाची जमीन किती, त्यात तुहा वाटा किती, हा कागद केला की तो वाटा तुहा राह्यत नाही, तुह्या लेकीचाही राह्यत नाही. सही न करण्याचा तुले हक्क हाय. अन् एक ध्यानात ठेव, हे 'संबंध राहणार नाही' म्हणून लेहेल हाय ना, ते वावरापुरतं हाय. भावाबहिणीचा संबंध कागदानं तुटत नसते. शेवटचं वाक्य बोलून त्यांनी कागद खाली ठेवला.

त्या दिवशी सही झाली नाही.

हरीओम वकिलांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आरडाओरडा केला नाही. खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं. लहानपणी पुंजाजींच्या खांद्यावर बसून ते बाजारात गेलेले होते.

"काका, काय झालं? घरी काही प्रॉब्लेम हाय का?"

"आमची नानीबाई वारली."

"अरे. कधी?"

"पाच महिने झाले. मले रविवारी समजलं."

हरीओमनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. "वाईट झालं. चार दिवस सुट्टी घ्या. पण काका, रजिस्ट्रीत असं बोलून चालत नाही. उद्या कोणी जुने दस्त उकरून काढले तर? आपण कोणाच्या हाताले धरून सही घेत नाही. बाया राजीखुशीनं येतात."

"राजीखुशीनं येतात," पुंजाजी म्हणाले, "कारण नाही म्हणलं त माहेर बंद होते. हे तुमाले ठाऊक हाय, मलेही ठाऊक होतं. ओळखतो म्हणून म्या हजारो सह्या केल्या भाऊ. त्यातली एकच बाई माह्या खऱ्या ओळखीची होती. अन् ते काय समजून अंगठा लावून राह्यली हे मले तिचंही ठाऊक नव्हतं."

"ही इमारत कशावर उभी हाय ते तरी ध्यानात ठेवा. बाबांनी तुमच्यासोबत उभी केली."

"व्हय. म्या उभी केली. म्हणून त मले बोला लागते."

हरीओमनी खिडकीबाहेर पाहिलं. मग ते म्हणाले, "कपाटाची चावी जाताना बाहेर द्या."

पुंजाजी चावी देऊन निघाले तेव्हा चौदाही ज्युनिअर आपापल्या कॉम्प्युटरकडे पाहत होते. त्यांच्यातल्या निम्म्यांना दस्त कसा लावायचा ते पुंजाजींनी शिकवलं होतं.

*

पुढच्या महिन्यात पुंजाजींनी आपल्या पाच एकरांतली अडीच एकर जमीन योगिनीच्या नावे बक्षीसपत्रानं करून दिली. ती केनवडहून आली होती. कागद तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचला, दोन ठिकाणी अर्थ विचारला.

"जमीन मी घेईन," ती म्हणाली. "उपकार म्हणून नाही घेऊन राह्यली. आईची होती. पण आईसाठी हे उशिरा हाय."

"ठाऊक हाय मले," पुंजाजी म्हणाले.

काम झाल्यावर ती बसस्टँडकडे निघून गेली. केनवडला या, असं ती म्हणाली नाही. पुंजाजींनीही ती अपेक्षा ठेवली नव्हती. त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. मले न इचारता कसं काय देलं बाबा, एवढंच तो विचारत राहिला. त्यानंतर त्याचा पंधरा दिवसांनी येणारा फोन येईनासा झाला. पुंजाजी फोन चार्ज करून उशाशी ठेवत.

रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर धम्मरत्न नावाचे स्टॅम्पविक्रेते बसत. पुंजाजींच्या बक्षीसपत्राला ओळख द्यायला तेच उभे राहिले होते. त्यांनी आपल्या टेबलाचं एक टोक पुंजाजींना दिलं. तिथं पुंजाजींनी एक पुठ्ठा टांगला. त्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सही करण्याआधी कागद वाचून दाखविण्यात येईल. पैसे नाहीत.'

पहिले तीन आठवडे कोणीही आलं नाही. मापारी वकिलांचे ज्युनिअर समोरून येताना रस्ता ओलांडून पलीकडे जात. ओळखीचे शेतकरी नमस्कार करायचं टाळू लागले. म्हातारा सटकला, असं चहाच्या टपरीवर कोणीतरी मोठ्यानं बोललं. धम्मरत्न कामात असले की दिवसच्या दिवस पुंजाजी कोणाशी एक शब्द न बोलता बसून राहत.

एका सोमवारी त्यांना संस्कृती दिसली. ती भावाबरोबर जिना उतरत होती, हातात साडीची पिशवी होती. या वेळी ओळख द्यायला दुसरी माणसं होती. पुंजाजींना पाहून ती टेबलाजवळ आली.

"केली सही," ती म्हणाली. "सगळं समजून केली काका. काय करू, मले माहेर पाह्यजे."

"केली त केली पोरी. समजून केली ना."

ती गेल्यावर धम्मरत्न म्हणाले, "कायले बसता उन्हात? बाया सह्या करतातच."

"करू द्या," पुंजाजी म्हणाले. "काय करून राह्यलो हे त समजलं पाह्यजे त्यांले."

आणि ते बसत राहिले. हळूहळू एखादी बाई येऊ लागली. कधी भाऊ पाणी प्यायला गेला की पटकन येई, कधी कडेचं पोर सावरत उभ्या उभ्याच ऐके. बहुतेक जणी ऐकून घेत आणि आत जाऊन सही करत. पुंजाजी कोणाला कर म्हणत नसत, करू नको म्हणत नसत.

चैत्रातल्या एका दुपारी वाशीमजवळच्याच एका खेड्यातली बाई आली. तिचे दोन्ही भाऊ आत नंबर लावून उभे होते. तिनं स्वतःच कागदाची प्रत मागून आणली होती. ती टेबलासमोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "वाचा जी. सावकाश वाचा, मले एकदम समजत नाही."

पुंजाजींनी सावकाश वाचलं. ज्या ओळीवर ते दरवेळी अडखळत, तिथं थांबून त्यांनी अर्थ नीट फोड करून सांगितला. बाईनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग मी आता काय करू?"

"ते तुमचं तुमी ठरवा बाई. म्या सांगून होणार नाही."

तिनं कागदाची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. आतून धाकट्या भावानं हाक मारली, नंबर आला होता. तिनं मान वळवून दरवाजाकडे पाहिलं. दुसरी हाक आली, या वेळी थोरल्याची, जरा करड्या आवाजात. जिन्यावर उभी असलेली माणसं तिच्याकडे पाहू लागली.

बाईनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. घडी घातलेला कागद मांडीवर घट्ट धरून ती बाकावर बसून राहिली. पुंजाजी तिच्यासमोर बसले होते. तिसरी हाक आली, तरी ती उठली नाही.